मिस ऑर्लीनच्या छपराचा मोबदला

“एवढंच विचारायचं, ममा. ‘या कामाचे किती घ्याल?’ पुढे एक शब्द नाही.”

“आणि तो म्हणाला, तुम्हीच सांगा, तर?”

“तर परत विचारायचं. किती घ्याल.”

“हे उद्धटपणाचं वाटतं,” ऑर्लीन फच म्हणाली. “माणूस दारात आला की आधी त्याला बसायला सांगतात. गार चहा देतात. त्याच्या आईची चौकशी करतात. मग छपराचं बघतात.”

ड्यूइटने कपाळ चोळलं. आईने चर्चचा निळा पोशाख घातला होता आणि ओठांना रंग लावला होता. वादळाने अर्धं छप्पर उडवून नेलेल्या म्हातारीचं सोंग तिला करायचं होतं. तसं पाहिलं तर सोंग करायची गरज नव्हती, कारण वादळाने तिचं अर्धं छप्पर खरोखरच उडवून नेलं होतं.

“ओठ पूस, ममा. तू संकटात आहेस.”

“मी संकटात आहे म्हणूनच लावलंय.”

एरवी फ्लोरिडात विनापरवाना कुणाचं छप्पर दुरुस्त केलं तर दंड होतो आणि ड्यूइटसारख्या माणसाचं व्याख्यान ऐकावं लागतं. पण राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली की तेच काम गंभीर गुन्हा ठरतं आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंग दाखवू शकतं. काम करायचीही गरज नसते. मोबदला घेऊन करतो म्हणालात, भाव सांगितलात, तरी पुरे. वादळं आली की त्यांच्यामागून चोर येतात, विधवांकडून आगाऊ पैसे घेतात आणि पसार होतात. त्यांना धरण्यासाठी हा कायदा झाला होता, आणि तो झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या टर्पिन की बेटानेही वाजवल्या होत्या.

चोरांना धरायला सापळा हवा. सापळ्याला पडझड झालेलं घर हवं. वादळानंतर टर्पिन कीमध्ये दुसरं काही शिल्लकच नव्हतं, प्रत्येक छपरावर निळी ताडपत्री फडफडत होती, पण घर द्यायला कोणी तयार होईना. शेवटी जिल्ह्याच्या परवाना कचेरीतल्या ड्यूइट फचने आपल्या आईचं घर देऊ केलं. वरिष्ठांना होकार आधी दिला, आईला नंतर विचारलं. फच घराण्यातल्या पुरुषांचं हे जुनंच वळण.

स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी प्लास्टिकच्या फळांची टोपली होती. त्यातल्या एका सफरचंदात कॅमेरा होता. मागच्या खोलीत, ऑर्लीनच्या पलंगावर, कानाला यंत्र लावून सार्जंट पर्सेल बसली होती. तिला टॅम्पाहून पाठवलं होतं. बाई हसत नसे, पण बूट काढून पलंगावर बसली होती, त्यामुळे ऑर्लीनचं तिच्याबद्दल बरं मत झालं होतं.

“आणि लव्हॉनला यातलं काही सांगायचं नाही,” ड्यूइट बहिणीबद्दल म्हणाला.

“का? ती काय चोर आहे?”

“नाही ममा. पण तिच्या नवऱ्याकडे परवाना नाही.”

“रॉइस इथे यायचा नाही,” ऑर्लीन म्हणाली. “मी त्याला बोलावलेलं नाही. बोलावणारही नाही.”

तेवढ्यावर ड्यूइट निर्धास्त झाला, आणि मागच्या खोलीत जाऊन त्याने दार लोटलं.

पहिला आला तो टेक्ससहून. पांढरी शुभ्र गाडी, शर्टावर रेशमाने काढलेलं नाव, दात सगळे सारखे. त्याने चहा घेतला नाही आणि छपराकडे मान वर करून पाहिलंही नाही. त्याच्या हातातल्या काचेच्या पाटीवर आकाशातून काढलेला फोटो होता, तो त्याने ऑर्लीनला दाखवला.

“हे आपलं घर, मॅडम.”

“वरून बरं दिसतं,” ऑर्लीन म्हणाली. “या कामाचे किती घ्याल?”

त्याने आकडा सांगितला. ऑर्लीन हसली. तिला वाटलं, माणूस गमत्या आहे. मग तो हसत नाही हे पाहून ती थांबली आणि तिने चहाचा पेला त्याच्यापुढून उचलून ओट्यावर ठेवला.

“अर्धे आज,” तो म्हणाला. “अर्धे काम सुरू झाल्यावर.”

“आणि काम सुरू कधी होणार?”

“यादीवर आपलं नाव घेतो.”

तो गेल्यावर ती तरातरा मागच्या खोलीत आली. “धरा त्याला. लांब गेला नसेल.”

“त्याचे कागद चोख आहेत,” सार्जंट पर्सेल म्हणाली. “परवाना, विमा, सगळं.”

“अहो, एवढ्यात माझ्या आजोबांनी हे बेट घेतलं असतं.”

“भाव जास्त असणं गुन्हा नाही, मॅडम. परवाना नसणं गुन्हा आहे.”

दुसरा जॉर्जियाचा. त्याचेही कागद चोख. त्याला छपराबरोबर अंगणातला ओकही कापायचा होता, आणि ओकाने काय केलं होतं ते त्याला सांगता येईना. तिसऱ्याने फोनवरूनच भाव सांगितला आणि यायची तसदी घेतली नाही. त्याचाही परवाना निघाला. ड्यूइटने खिडकीच्या फटीतून रस्त्याकडे पाहिलं. आठवडाभर शेजारच्या गावांमध्ये असेच सापळे लावले होते, आणि त्यात कोण सापडलं होतं ते त्याला माहीत होतं. ओसरी सावरायला आलेला शेजारचा कोळी. शाळेचा निवृत्त सुतार. बाहेरून आलेल्यांपैकी एकही नाही. ते वादळावरच जगत होते, त्यामुळे कागद सांभाळणं त्यांचा धंदाच होता.

मग त्याला बाहेर एक इंजिन ऐकू आलं. खोकल्यासारखा आवाज करून बंद पडणारं हे इंजिन टर्पिन कीमध्ये एकच होतं.

*

लव्हॉन सकाळपासून नवऱ्याच्या मागे लागली होती. सगळ्या गावाची छपरं बघून झाली, माझ्या आईचं तेवढं राहिलं, लोक काय म्हणतील. रॉइस म्हणत होता, तिने बोलवायला हवं. लव्हॉन म्हणत होती, ती बोलावणार नाही, तू जायला हवं. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी रॉइस क्रूज सासूला ‘मिस ऑर्लीन’ म्हणत होता, आणि ती त्याला ‘लव्हॉनचा तो’ म्हणत होती.

हेच छप्पर रॉइसने एकदा घातलं होतं. तेव्हापासून फडताळाच्या वरचा कोपरा गळतो असं ऑर्लीनचं म्हणणं होतं. फडताळ गळत नाही, त्याला घाम येतो, असं रॉइसचं म्हणणं होतं. रॉइस बोलायला लागला की थांबत नसे. हातात कसब होतं, पण काम वेळेवर संपलं असं कधी झालं नाही. परवान्याच्या परीक्षेला दोनदा बसला आणि दोनदा कर आणि विमा या भागात गडगडला. वसंतात तिसऱ्यांदा बसणार होता. लव्हॉन रोज रात्री जेवणानंतर त्याचा अभ्यास घेत होती.

“तुम्ही फार नटलाय, मिस ऑर्लीन,” रॉइस स्वयंपाकघरात येत म्हणाला. “कुणी मेलंय का?”

“बस,” ऑर्लीन म्हणाली. तिने फळांच्या टोपलीकडे पाहिलं, आणि मग पाहिलं नाही असं दाखवायला खिडकीकडे पाहिलं. “तुम्ही लोक का आलात?”

“ममा,” लव्हॉन म्हणाली, “रॉइस छप्पर बघायला आलाय.”

“माझ्याकडे डांबरी पट्ट्यांचे गठ्ठे उरलेत,” रॉइस म्हणाला. “रंग जुळणार नाही. पण पुढचं वादळ यायच्या आत झाकलं जाईल. आज चढलो तर मंगळवारी उतरेन.”

“तुझा मंगळवार मला ठाऊक आहे.”

“बुधवार धरा.”

मागच्या खोलीत सार्जंटने मान वर केली. “हा कोण?”

“माझ्या बहिणीचा नवरा,” ड्यूइट हळूच म्हणाला. “परवाना नाही. पण घरचा माणूस आहे. पैसे घेणार नाही.”

“फुकट करत असेल तर आपल्याला काही देणंघेणं नाही,” सार्जंट म्हणाली. “मोबदला नाही तर कंत्राट नाही.”

ड्यूइटने श्वास सोडला. बाहेर रॉइस म्हणत होता, “पैशांचं मनातसुद्धा आणू नका, मिस ऑर्लीन,” आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्यूइटला आपल्या मेहुण्याबद्दल माया वाटली.

मग त्याने आईचा आवाज ऐकला.

“मनात आणू नको म्हणजे काय?”

*

टर्पिन कीमध्ये रक्ताच्या माणसाने काम केलं तर त्याला मोबदला विचारत नाहीत. विचारला तर तो महिनाभर बोलत नाही. पण सोयऱ्याचं तसं नाही. जावयाने, व्याह्याने, सुनेच्या भावाने काम केलं तर भाव ठरवावाच लागतो, मग तो कितीही लहान असो. नाहीतर पुढच्या प्रत्येक जेवणाला तो तुमच्या टेबलाशी मालकासारखा बसतो, आणि मीठ कमी आहे म्हणतो. ऑर्लीनच्या आईने हे तिला शिकवलं होतं, आणि क्रूज घराण्यातल्या माणसाचा एक खिळासुद्धा तिने फुकट घेतलेला नव्हता. मागच्या वेळेचं छप्पर सोडून. ते ऑल्वीने, तिच्या नवऱ्याने, तिच्या पाठीमागे ठरवलं होतं, आणि म्हणूनच ते गळत होतं असं तिला वाटे.

सफरचंदात कॅमेरा आहे हे ती विसरली नव्हती. पण ते सरकारचं होतं. हे घरचं होतं.

“मी काय चर्चच्या डब्यावर जगते?” ती म्हणाली. “भाव सांग.”

“सासूकडून काय भाव घ्यायचा?”

“तेच सांग. काय घ्यायचा?”

“ममा, तो नको म्हणतोय ना.”

“तू मध्ये पडू नकोस. रॉइस, घर माझं आहे, काम तुझं आहे. मागच्या वेळी फुकट केलंस, म्हणून मला इतकी वर्षं तोंड उघडता आलं नाही.”

“तोंड उघडता आलं नाही?” रॉइस म्हणाला. “दर ईस्टरला फडताळाचं ऐकतोय मी.”

“त्याहून जास्त बोलता आलं असतं.”

मागच्या खोलीत ड्यूइटने दाराची मूठ धरली. सार्जंटने न बोलता त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

“काहीही सांग,” ऑर्लीन म्हणत होती. “पण सांग. त्याशिवाय माझ्या शिडीला हात लावायचा नाही.”

“शिडी माझी आहे.”

“माझ्या भिंतीला टेकवायची नाही.”

रॉइसने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. त्याने लव्हॉनकडे पाहिलं, मग मागच्या ओसरीच्या दाराकडे. तिथे खुंटीवर एक गोल जाळं टांगलेलं होतं. खाडीत उभं राहून हाताने फेकायचं, बोय मासे धरायचं जाळं. ऑल्वी फचने ते एका हिवाळ्यात बसून विणलं होतं, आणि तो गेल्यापासून ते खुंटीवरून उतरलं नव्हतं. ते ड्यूइटच्या वाट्याचं होतं. ड्यूइट मासे बाजारातून आणत असे.

“बरं,” रॉइस म्हणाला. “मिस्टर ऑल्वींचं जाळं द्या.”

लव्हॉनने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली, पण उशीर झाला होता. ऑर्लीन जाळ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं आपण आता नाही म्हणणार.

“दिलं,” ती म्हणाली.

मागच्या खोलीचं दार उघडलं.

*

सार्जंट पर्सेल पायांत फक्त मोजे घालून बाहेर आली. तिच्यामागून ड्यूइट आला. त्याच्या कोटाला रजईचा कापूस चिकटला होता.

“रॉइस क्रूज? तुमचा कंत्राटदाराचा परवाना दाखवा.”

रॉइसने तिच्याकडे, तिच्या पायांकडे आणि मग सासूच्या खोलीकडे पाहिलं. “मिस ऑर्लीन, तुमच्या बिछान्यातून ही कोण निघाली?”

“शेरीफची माणसं आहेत,” ऑर्लीन म्हणाली. “सफरचंदात कॅमेरा आहे.”

लव्हॉन उठली. ती मोठ्याने बोलली नाही, त्यामुळे ड्यूइट एक पाऊल मागे गेला.

“ड्यूइट. तू ममाच्या पलंगावर लपून माझ्या नवऱ्याला पकडत होतास?”

“त्याला नाही. चोरांना.”

“कुठे आहेत चोर?”

“गेले. त्यांचे कागद चोख होते.”

“अच्छा.”

“लव्हॉन, मला काय माहीत हा येईल? मला वाटलं याला मान आहे, बोलावल्याशिवाय येणार नाही.”

“मी त्याला ओढत आणला. ममाच्या डोक्यावर छप्पर नाही म्हणून. तुला ते माहीत आहे का, छप्पर नाही ते? का तेही सरकारी कामासाठी राखून ठेवलंय?”

सार्जंटने वही काढली. आणीबाणीत विनापरवाना काम मोबदल्यावर करायला तयार होणं हा गंभीर गुन्हा आहे, असं तिने वाचल्यासारखं सांगितलं. लव्हॉनला ते पाठ होतं. तिने नवऱ्याला तेच प्रश्न घातले होते. तुरुंग तर आहेच. मग मतदान नाही, बंदूक नाही, आणि वसंतातली परीक्षा नाही, कारण असा गुन्हा अंगावर असलेल्याला परवान्याच्या खिडकीशी कोण उभं करणार. रॉइस पन्नाशी ओलांडलेला होता. त्याला छपरावर चढण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

“मी एक पैसा मागितला नाही,” रॉइस म्हणाला.

“मोबदला रोखच लागतो असं नाही,” सार्जंट म्हणाली. “किंमत असलेली कोणतीही वस्तू चालते.”

लव्हॉनने खुर्ची ओढली आणि सार्जंटच्या समोर बसली. “किंमत असलेली.”

“हो.”

“आणि वस्तूला किंमतच नसेल तर?”

सार्जंट सचोटीची बाई होती. तिने विचार केला. “तर मोबदला नाही. मोबदला नाही तर कंत्राट नाही.”

“ते जाळं चिंधी आहे,” लव्हॉन म्हणाली.

“या घरात त्याला कोणी चिंधी म्हणायचं नाही,” ऑर्लीन म्हणाली.

“ममा, जरा समजून घे.”

“त्याची बोटं सुजली होती विणून. मी त्यांना तेल लावायचे. चिंधी म्हणे.”

“ममा, रॉइसला तुरुंगात टाकतायत.”

“मग दुसरं काहीतरी म्हण. जाळ्याला नावं ठेवू नकोस.”

सार्जंट रॉइसकडे वळली. “तुम्ही सांगा. तुमच्या मते त्याची किंमत काय?”

लव्हॉनने नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर समजला असता.

“हे बघा, सार्जंट,” रॉइस म्हणाला, “या किनाऱ्यावर असं जाळं नाही. मी सगळी बघितलीत. तुम्ही कडेचे शिशाचे मणी बघा, एकेक ओतून घातलाय, दुकानातले नाहीत. आणि गाठी—”

“रॉइस.”

“गाठी हातात घेऊन बघा नुसत्या.”

“रॉइस, तुझ्या शिक्षेचं चाललंय.”

“पण मी खोटं कसं बोलू? मेलेल्या माणसाचं काम आहे.”

ऑर्लीनने जावयाकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत तिने त्याला एवढं शहाणं बोलताना ऐकलं नव्हतं. सार्जंट लिहीत होती.

“ड्यूइट,” लव्हॉन म्हणाली, “तू सांग. तू वारस. सांग त्यांना, त्याची किंमत काय.”

ड्यूइट टोपलीतल्या फळांकडे बघत होता. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. पण त्याच्या कानात अजून ते ‘दिलं’ होतं. आईने एवढ्या सहज दिलं. त्याला विचारलं नाही. एका छपरासाठी, ‘लव्हॉनच्या त्या’ला.

“ते माझ्या वडिलांचं आहे,” तो म्हणाला. “त्याची किंमत होणार नाही.”

“होणार नाही?” लव्हॉन म्हणाली. “मागच्या थँक्सगिव्हिंगला तू ते कुत्रीच्या पिलांखाली घालायला निघाला होतास.”

“तेव्हा ममाने ते याला दिलं नव्हतं.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. ऑर्लीनलाही कळलं. तिने मुलाकडे पाहिलं आणि काही म्हटलं नाही, आणि ड्यूइटला वाटलं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सार्जंट पर्सेलने वही मिटली. “या भावना झाल्या. मला किंमत लिहायचीय. जाळं कशासाठी असतं?”

“बोय धरायला,” चौघे म्हणाले.

“मग धरून दाखवा. मासा लागला तर वस्तू उपयोगाची. नाही लागला तर बघू.”

“मी दाखवतो,” रॉइस उठला.

“तुम्ही आरोपी. बसा.”

“मी फेकते,” लव्हॉन म्हणाली.

“तुम्ही आरोपीची बायको.”

ऑर्लीनचं वय पाहून तिला कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी ड्यूइटकडे पाहिलं.

*

घरामागच्या धक्क्याच्या अर्ध्या फळ्या वादळाने नेल्या होत्या. भरती होती. बोय एकेक करून पाण्याबाहेर उडी मारत होते, आणि पुन्हा आत पडताना आवाज करत होते. इतके बोय असताना दगड टाकला तरी एखादा लागला असता.

ड्यूइटने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोरीचा फास मनगटात अडकवला. जाळं खांद्यावर घेतलं. पुढे काय करायचं ते त्याला अंधुक आठवत होतं. कडेचा एक मणी दातांत धरायचा, वळायचं, आणि सोडताना तोंड उघडायचं, म्हणजे जाळं ताटासारखं उघडतं. लहानपणी वडिलांनी त्याला शिकवायचा प्रयत्न केला होता. तेव्हाही त्याला वाटलं होतं तेच आता वाटलं.

“शिसं आहे हे,” तो म्हणाला. “तोंडात धरणं आरोग्य खात्याच्या नियमात बसत नाही.”

“मग धरू नकोस,” लव्हॉन घाईने म्हणाली. “अजिबात धरू नकोस.”

त्याने न धरता फेकलं. जाळं ओल्या टॉवेलसारखं पुढ्यात पडलं.

काठावर रॉइसच्या घशातून एक आवाज निघाला. लव्हॉनने त्याच्या पायावर पाय ठेवला.

“नाही लागला,” सार्जंटने लिहिलं. “परत.”

ड्यूइटला या वेळी आरोपी, सापळा, कचेरी, काही आठवत नव्हतं. आई बघत होती आणि मेहुणा बघत होता. त्याने मणी दातांत धरला, जोर लावून वळला, आणि तोंड उघडायला विसरला. जाळं गेलं, मणी दातांतच राहिला, आणि त्याच्यामागोमाग ड्यूइट कमरेपर्यंत पाण्यात गेला. बोय त्याच्या दोन्ही बाजूंनी उड्या मारत निघून गेले.

“खांदा खाली,” रॉइस पुटपुटला. “खांदा खाली घे ना, देवा.”

“गप्प बस,” लव्हॉन म्हणाली. “छान चाललंय, ड्यूइट.”

“शेवटचं,” सार्जंट म्हणाली.

तिसऱ्या वेळी जाळं अर्धं उघडलं. आमच्याकडे अशा फेकीला केळं म्हणतात, लांबट आणि वाकडं. केळ्यात सहसा काही लागत नाही. ड्यूइटने ओढलं तेव्हा जाळ्यात एक निळ्या ताडपत्रीचा तुकडा होता, कुणाच्या तरी छपराच्या दोन डांबरी पट्ट्या होत्या, आणि मधोमध एक बोय होता. हाताएवढा, चांदीसारखा, जिवंत.

ड्यूइटचा चेहरा उजळला. लहान मुलाचा उजळतो तसा. “ममा,” तो म्हणाला, “बघ.” मग त्याने काठावरची तोंडं पाहिली.

लव्हॉनने डोळे मिटून घेतले होते. रॉइसने टोपी डोक्यावर घातली, जायला निघालेल्या माणसासारखी. सार्जंटने पेन उघडलं, पण पाण्याचा थेंब कागदावर पडला म्हणून ती बाहीने तो पुसू लागली.

ऑर्लीन धक्क्याच्या कडेला आली. तिने मुलाच्या हातातून जाळं घेतलं. तिच्या एप्रनच्या खिशात मासे साफ करायची छोटी सुरी असे, आजही होती, चर्चच्या पोशाखावर एप्रन चढवलेलं होतं. ऑल्वीच्या गाठी तिच्या बोटांना ठाऊक होत्या. एक कापली तर जाळ्याचा एकच डोळा मोठा होतो. तिने चार कापल्या. घाई केली नाही. मग तिने जाळं उचललं आणि हलवलं. बोय भोकातून निसटला, फळीवर आपटला आणि पाण्यात गेला.

सार्जंटने मान वर केली.

“बघा,” ऑर्लीन म्हणाली. “भोक आहे. यात मासा राहत नाही.” तिचा आवाज नेहमीसारखा होता. “चिंधी आहे.”

सार्जंटने जाळ्याकडे पाहिलं. सुरीकडे पाहिलं की नाही ते कोणालाच सांगता आलं नसतं. “मासा राहत नाही,” तिने लिहिलं. “किंमत नाही.”

रॉइस काठावरून खाली उतरला, जाळ्याजवळ उकिडवा बसला आणि भोकावरून बोट फिरवू लागला. लव्हॉनने त्याला हात धरून उठवलं.

“एक सांगते,” सार्जंट म्हणाली. ती बूट घालत होती. “काम करायचं तर फुकट. जाळं नाही, पैसे नाहीत, केक नाही, जेवणाचं ताट नाही. यांच्याकडून तुम्हाला काहीही मिळालं की मला परत वही उघडावी लागेल. पाणी चालेल.”

“पाणी चालतं का?” ड्यूइटने विचारलं.

“तुमच्याच पुस्तकात आहे,” सार्जंट म्हणाली.

*

त्या दुपारी फच कुटुंब ओसरीवर जेवलं. तळलेले बोय, मक्याच्या कण्या, मक्याचे वडे. बोय जाळ्यातले नव्हते, शेजाऱ्याने पाठवले होते. रॉइस छपरावर होता. तळणीचा वास सरळ वर जात होता, आणि तो वास मोबदल्यात मोडतो का, हे ड्यूइटने जेवता जेवता दोनदा विचारात घेतलं. अंगणापलीकडे, ओकाच्या सावलीत, सार्जंट पर्सेल गाडीत बसून पुढच्या कंत्राटदाराची वाट बघत होती. सापळा संध्याकाळपर्यंत होता. लव्हॉनने तिला एक ताट नेऊन दिलं. ते कायद्याने चालत होतं.

“त्याने सकाळपासून काही खाल्लं नाही,” लव्हॉन परत येऊन म्हणाली. ती कुणाकडे बघून बोलली नाही.

ड्यूइटने हातातला वडा ताटात ठेवला. मग उठला, पेला भरला, आणि ओल्या पँटीने शिडी चढून गेला. ऑर्लीनला खालून फक्त त्याचे पाय दिसत होते. मग रॉइसचं बोलणं सुरू झालं. खांदा कसा खाली घ्यायचा, मणी कुठल्या दातांत धरायचा, तोंड कधी उघडायचं. तो हाताने पट्ट्या ठोकत होता आणि तोंडाने जाळं फेकत होता. ड्यूइट मधूनमधून ‘हं’ म्हणत होता. जरा वेळाने ठोकण्याचे आवाज दोन झाले.

ऑर्लीनने ताट सारलं. तिला घास गिळवत नव्हता. क्रूजांचा माणूस तिच्या डोक्यावर फुकट छप्पर घालत होता, आणि आता आयुष्यभर ती त्याला काही देऊ शकत नव्हती. पुढच्या ईस्टरला तो म्हणेल, मीठ कमी आहे, आणि तिला मीठ आणून द्यावं लागेल. ती उठली आणि शिडीखाली जाऊन उभी राहिली. शिडी वाळूत टेकली होती, दर ठोक्याला थोडी हलत होती.

“रॉइस,” तिने हाक मारली.

छपराच्या कडेवरून त्याचं डोकं डोकावलं. घामाने टोपी काळी झाली होती.

“मिस ऑर्लीन, आभार मानणार असाल तर नका मानू. सार्जंट अजून गाडीत आहे. तोही मोबदला धरतील.”

“मी कशाला आभार मानू?” ऑर्लीन म्हणाली. “ठोक तू.”

आणि तिने चर्चच्या पोशाखाच्या बाह्या वर सारल्या आणि शिडीचे दोन्ही खांब घट्ट धरले. गाडीची काच खाली झाली. सार्जंट पर्सेल बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने काच वर केली.